मुठीतली शिट्टी

"अंपायर म्हणजे हॉकीच्या मैदानावरचा साक्षात न्याय," कपडे बदलायच्या खोलीत मास्तरांनी जाहीर केलं, "आणि न्याय कधी बेसावध नसतो." एवढं बोलून त्यांनी शिट्टीसाठी खिशात हात घातला. हात थेट मांडीला लागला. न्याय फाटक्या खिशातून घरंगळून मोज्यात जाऊन बसला होता.

कोणी हसलं नाही. मास्तरांच्या काखेत अंपायरच्या परीक्षेचा कागद होता, आणि परीक्षा होती टाचणीताईची.

टाचणीताई कपडे शिवायची. ओठांत चार टाचण्या धरल्याशिवाय तिचे हात चालत नसत. गिऱ्हाइकाशी बोलणंही त्यांच्या फटीतूनच. हीच सवय मैदानावर नडली. टाचण्यांच्या जागी शिट्टी आली आणि डोळ्यांना कुणाची चूक दिसली रे दिसली की वाजून मोकळी. होऊ घातलेले गोल असे तिने दोन परीक्षांत अर्ध्यावर अडवले होते, आणि दोन्ही कागदांवर मास्तरांनी एकच शब्द लिहिला होता: घाई. शिट्टी मुठीत ठेवा बाई, असं ते दर सरावाला बजावत; मुठीतून तोंडाशी यायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच आपली अक्कल.

आजची संधी शेवटची. क्लबाचा स्वतःचा पास अंपायर नसेल तर पुढच्या मोसमात संघ स्पर्धेबाहेर, असा नियम. त्या संघात तिची लेक खेळायची. सकाळी लेकीने आईच्या बुटांच्या नाड्या बदलून ठेवल्या होत्या.

आजचे दोन्ही संघ परके. पण लाल संघाचा कप्तान मास्तरांचा मुलगा होता.

ताईने शिट्टी मुठीत आवळली. रिकाम्या ओठांचं काय करावं कळेना, म्हणून गाल आतून चावत राहिली. शेवटची दोन मिनिटं उरली तरी गोल नव्हता. मास्तर कडेच्या बाकावर कागद गुडघ्यावर घेऊन बसले होते. पेन अजून टोपणात.

मग निळ्यांचा हल्ला तिच्या बाजूच्या डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धवर्तुळात घुसला. चेंडू लाल कप्तानाच्या पायाला लागला, म्हणजे फाउल. तिने स्वच्छ पाहिलं. मूठ उचलली गेली आणि छातीशीच थांबली, कारण चेंडू निळ्या पोराकडे चालला होता आणि समोर गोल मोकळा पडला होता. चेंडू ढेकळावर उडाला, पोराच्या काठीला हुलकावणी देऊन रेषेबाहेर गेला.

तेव्हा तिने शिट्टी वाजवली. निळ्यांना पेनल्टी कॉर्नर.

कप्तान सावकाश चालत आला.

"शिट्टी काय उसनी आणायला गेला होतात, ताई?"

बाकीचे लाल गडी तिच्याभोवती गोळा झाले. इतक्या उशिरा कोणी वाजवतं का, इथपासून शिवणकाम बरं होतं, इथपर्यंत सगळं ऐकवून झालं. तिचा हात मात्र गोलकडे ताठ होता. कॉर्नरवर निळ्यांनी गोल केला. सामना संपला.

कप्तान तडक बाकाकडे गेला. ताई तीन पावलं मागे उभी राहिली. घाई करून दोनदा नापास झालेलं माणूस आता उशीर करून होणार, एवढंच तिच्या मनात होतं.

"बाबा, लिहा तिथे. पायाला लागलाच नव्हता."

"कोणत्या पायाला?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

"डाव्या," कप्तान म्हणाला. मग जीभ चावली आणि पाणी प्यायला निघून गेला.

मास्तरांनी टोपण काढलं. लिहायला बराच वेळ घेतला. सही केली, घडी घातली आणि कागद तिच्या हातात दिला. तिने उलगडला. घाईच्या जागी आज दोन शब्द होते: थांबता येतं.

तिचा गाल आतून सोलला होता, बोलायला गेली तर झोंबला.

मास्तर उठले. पोरगा गेला त्या दिशेला एकदा पाहिलं. मग तिच्याजवळ सरकून त्यांनी पँटचा खिसा बाहेर काढून दाखवला.

"बाई, दोन टाके घालून देता का? पुढचा सामना माझा आहे."