भरताला किती जण येतील?

वांग्याच्या भरताचं आवतण दिलं की आमच्याकडे 'नाही येत' असं कुणी म्हणत नाही. ज्याला यायचं असतं तो 'येतो' म्हणतो. ज्याला यायचं नसतं तो जरा जास्तच जोरात 'येतोच' म्हणतो. तोंडावर नाही म्हटलं तर समोरच्याचा अपमान होतो, असं आमच्या यावलकडे सगळे मानतात. त्यामुळे दर हिवाळ्यात आमच्या मळ्यात एक तर पातेलंभर भरीत उरतं, नाही तर माझे वडील, म्हणजे आबा, शेवटी नुसती ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी चावत बसतात.

मी जळगावच्या कॉलेजातून संख्याशास्त्राची पदवी घेतली होती आणि मला अ‍ॅक्चुअरी व्हायचं होतं. हजार माणसांत किती जणांवर संकट येईल याचा अंदाज बांधून विम्याचा हप्ता ठरवणारी माणसं ती. परीक्षा पुष्कळ, एका दमात पास होणारे थोडे. हे मीच घरी सांगितलं आणि तिथेच फसले.

धुरपदा आत्या रविवारच्या भरतासाठी धुळ्याहून दोन दिवस आधीच आली होती, ती माझ्यासाठी नोकरी घेऊनच. धुळ्यातल्या तिच्या ओळखीच्या शाळेत गणिताच्या बाईंची जागा रिकामी होती, सोमवारी रुजू व्हायचं. आबांनी हेडमास्तरांना फोनवर 'येते ना, येते' सांगूनही टाकलं. मला विचारायची गरज कुणाला वाटली नाही, याचा मला भयंकर राग आला.

"बठ्ठा जलम परीक्षाच देत ऱ्हाशी का व पोरी?" आत्या म्हणाली. धुळ्यात नांदून तिची बोली पार तिकडची झाली होती.

"तू आशीर्वाद दे, लवकर आटपते," मी म्हटलं.

आबा ओट्यावर लसूण सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढा अंदाज बांधते ना तू? मंग रविवारी भरताले किती लोक येतीन ते सांग. तेवढीच वांगी आणतो. जमलं तर शिक. चुकली तर सोमवारी धुयाले जायचं."

मला तर हसूच फुटलं. मासळीला पोहण्याची पैज! मागच्या हिवाळ्यांत कोण 'येतो' म्हणून आलं, कोण आलं नाही, ते सगळं आठवलं, मांडलं, आणि सांगून टाकलं, "साठ जण 'येतो' म्हणालेत. चाळीस येतील. दोन-चार इकडे तिकडे."

आबांनी चाळीस जणांपुरती बामणोदची वांगी आणली. आत्याने कपाळाला हात लावला.

शनिवारी संध्याकाळी मी शेजारच्या मळ्यात पितांबरनानांकडे केळीचा एक घड पोचवला. "नाना, उद्या कमी पडली तर तुमची वांगी तोडीन. नाही पडली तरी घड तुमचाच." नानांनी घड ठेवून घेतला आणि माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का, असं बघितलं.

रविवारी बारापर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. कपाशीच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी फुटत होती, लाकडी बडगीत मिरच्या कुटल्या जात होत्या, माणसं सावकाश येत होती. मी आत्याकडे बघून दोनदा भुवया उडवल्या. तेवढ्यात मुक्ताईनगरकडून माझा मामेभाऊ भूपेंद्र पिकअप घेऊन आला. आत बायका, म्हातारे, लेकरं, सगळा मामांचा गोतावळा. एकही मागे राहिला नव्हता.

"मोजशी का आता?" आत्या म्हणाली.

मोजायची गरज नव्हती. माझ्या हिशोबात ती वीस वेगवेगळी माणसं होती, त्यातली बारा-तेरा येणार होती; आली वीसच्या वीस. खरं तर ती एकच गाडी होती. गाडी निघाली की सगळे, नाही निघाली की कुणीच नाही. मागच्या हिवाळ्यांतही असंच झालेलं, आणि मी त्याची सरासरी काढून मोकळी! कान तापले माझे. पण खरं सांगू? लाजेच्या खाली मजाही वाटत होती. चूक कुठे झाली ते इतकं स्वच्छ दिसत होतं.

भूपेंद्रला घेऊन मी नानांच्या मळ्यात पळाले. वांगी तोडली, भाजली. मामांच्या लोकांना तासभर शेंगदाणे खात बसावं लागलं आणि मामींनी तीन वेळा टोमणा मारला. पण उपाशी कुणी गेलं नाही.

जेवणं आटोपल्यावर मी आबांसमोर उभी राहिले. "पैज हरले. सगळ्यांना एकेकटं धरलं, पण ते एका गाडीत बांधलेले होते."

आबा केळीची पानं गोळा करत होते. "म्हंजे वादयासारखं," ते म्हणाले. "वादय आलं की एकाची केयी पडत नाही. साऱ्या शिवाराची पडते."

"तेच, वादळच! आबा, हेच शिकायचंय मला."

"आन् पितांबरले घड कधी दिला?"

"काल."

"स्वतःच्या अंदाजावर भरोसा नव्हता?"

"होता. पण चुकले तर लोक उपाशी उठायला नकोत ना. आबा, पैज हरले तरी मी धुळ्याला जाणार नाही."

ते काही बोलणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला. धुळ्याचे हेडमास्तर. आवाज एवढा मोठा की आत्यालाही ऐकू गेला, "जीवरामभाऊ, पोर येस ना सोमवारले?"

आबांच्या तोंडून सवयीने निघालं, "हो हो, ये..." आणि ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग मामांकडच्या लोकांकडे, उरलेल्या दोन वांग्यांकडे. जन्मात ज्यांनी कुणाला तोंडावर नकार दिला नव्हता, त्यांच्या कपाळावर घाम आला.

"नाही," आबा म्हणाले. "माफ करा मास्तर. ती नाही येत. तुम्ही तिले धरून बसू नका, दुसरी बाई पाहा. तिले शिकायचं आहे."