ढवळीसाठी सांड

बळीराम आणि इंदूबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि आल्या आल्या बळीरामानं गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं. गावानं त्याचा खळ्यावरचा वाटा बंद केला. दारव्ह्याजवळच्या त्या गावात मग त्यांच्या घरी कमावती एकच उरली, ढवळी गाय. तिच्या दुधावर चूल पेटत होती. पुढच्या उन्हाळ्यात ते दूधही आटत आलं आणि ढवळी माजावर आली. ती गाभण राहिली तर पुढे दूध, नाहीतर काही नाही.

गावात सांड एकच. महादेवाच्या नावानं सोडलेला, कुणाच्याही वावरात तोंड घालणारा. गावातली सगळी वासरं त्याचीच. आजवर ढवळी गुराख्याच्या कळपात जायची आणि तिथं जे व्हायचं ते कुणाला न विचारता व्हायचं. आता गुराख्यानं तिला कळपात घ्यायचं नाकारलं, आणि सदाशिवराव पाटलानं सांड आपल्या गोठ्यात बांधून टाकला.

बळीराम गोठ्यापुढे जाऊन उभा राहिला.

"पाटील, गाय माजावर आली. सांड एक डाव सोडा."

"सांड गावाचा हाय," सुपारी कातरत सदाशिवराव म्हणाला. "तुमी गावाचं काम सोडलं. मंग गावाचा सांड काहून पाहिजे?"

"काम मी सोडलं. गाईनं काय सोडलं?"

पाटलाचं डोकं तापलं. बळीरामाच्या गाईला सांड दाखवायचा नाही, असे त्यानं आसपासच्या गावांतही निरोप धाडले. पण सांडाला कोण निरोप धाडणार? दुपारी ढवळी हंबरली आणि त्यानं दावं तोडलं. बळीरामाच्या काटेरी कुंपणापर्यंत तो आला, तेव्हा चार जणांनी काठ्या घालून त्याला परत नेलं. पुढच्या माजाला त्यानं खुंटाच उपटला; तेव्हाही काठ्या घालूनच त्याला अडवलं. जनावराला बहिष्कार कळत नाही, माज तेवढा कळतो.

त्यानंतर बरेच दिवस सांड दिसला नाही. आखाडात एका सकाळी तो गल्लीत मोकळा फिरताना दिसला, नेमकी ढवळी माजावर असताना.

"पाटलाले उमज पडली वाटते," इंदूबाई म्हणाली. तिनं घाईनं ताटी उघडली, ढवळीला खांबाशी बांधलं आणि भाकरीसाठी ठेवलेली ज्वारी ओंजळीत घेऊन सांडापुढे धरली. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

सांड आत आला. त्यानं ढवळीला हुंगलं. ढवळी शेपूट बाजूला करून निमूट उभी राहिली. सांड तिच्या बाजूनं पुढे गेला आणि छपरातून लोंबणारा कडबा ओढून खाऊ लागला.

"आरे, जा ना बापा," इंदूबाईनं त्याला पाठीवर थोपटलं, मग ढकललं. तो कडबा चघळत राहिला.

बळीरामानं वाकून त्याच्या मागच्या पायांमध्ये पाहिलं. "राहू दे त्याले," तो म्हणाला. "बडवला याले."

गावानंच ठरवलं होतं. रोज राखण कोण करणार? महादेवापुढे नारळ फोडून माफी मागितली आणि सांड खच्ची केला. विठ्ठलराव म्हणून एकच जण म्हणाला होता, "मंग आपल्या गाईचं काय?" त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं. गोऱ्हे आहेत, होतील मोठे.

इंदूबाईला पाटलाचा राग यायला हवा होता. आली ती त्या जनावराची कीव, आणि ती रडली. ढवळी दिवसभर हंबरत राहिली. सांडानं एकदाही मान वळवली नाही.

दिवाळीआधी बळीरामानं ढवळी दारव्ह्याच्या बाजारात उभी केली. विठ्ठलरावही आपली भाकड गाय घेऊन शेजारीच उभा होता. एका गिऱ्हाइकानं ढवळीचे दात पाहिले, कास चाचपली.

"गाय तर धडाची हाय. इकता काहून?"

बळीरामानं विठ्ठलरावाकडे पाहिलं. विठ्ठलरावानं मान खाली घातली.

"आमच्या गावात सांड नाही राह्यला," बळीराम म्हणाला आणि दावं गिऱ्हाइकाच्या हातात दिलं.