दोन झरण्या आणि एक डाग

मी झरणी बोलतेय. काळी, कडक रबराची, वय वर्षं एकतीस. आणि आधीच सांगून टाकते, तो डाग माझा नव्हता. दोन वर्षं मी हेच म्हणतेय आणि दोन वर्षं कुणी खरं मानलं नाही. माझं एक सोडा, माझं तोंड कागदाला टेकल्याशिवाय उघडत नाही. पण आमची ताई तर चांगली खणखणीत बोलते. तिनं चारचौघांत सांगितलं, "झरणीचा दोष नाही." तिचंही कुणी ऐकलं नाही.

झरणी म्हणजे काय, हे आता पुष्कळांना सांगावं लागतं. फाउंटन पेन म्हणा. पोटात शाई, तोंडाला निब. माझ्या पोटात दुसरी नळीबिळी काही नाही. मान फिरवून काढायची, ड्रॉपरनं शाई थेट पोटात सोडायची, मान परत आवळायची. इतकी साधी मी.

माझा जन्म एका अरुंद गल्लीच्या टोकाला झाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत. तिथं एक मिस्त्री लेथवर झरण्या घडवायचे. रबराचा दांडा फिरायला लागला की गंधकाचा वास सुटायचा आणि मिस्त्री शिंकायचे. त्यांच्या लेथला एक खोड होती. शेपटाकडं काम आलं की तो किंचित घसरायचा आणि झरणीच्या बुडाशी केसाएवढी रेघ पडायची. मिस्त्री दरवेळी लेथला शिवी घालायचे आणि दरवेळी रेघ पडायचीच. माझ्याही बुडाशी ती आहे.

ताई मला न्यायला आली तेव्हा बावीस वर्षांची होती. चौथीनंतर तिची शाळा सुटली, अक्षर मात्र सुटलं नव्हतं. मिस्त्रींनी तिला आधी रद्दी कागदावर चार ओळी लिहायला लावल्या. तिचा हात कसा कलतो, कुठं दाबतो, ते पाहिलं आणि त्याप्रमाणं माझी निब दगडावर घासली. मग मला तिच्या हातात ठेवून म्हणाले, "हिला पोटभर शाई द्यायची, पोरी. गळ्यापर्यंत. उपाशी ठेवलीस तर रुसेल."

"म्हणजे माझ्याच वळणाची आहे," ताई म्हणाली.

मिस्त्री हसले. ते मात्र थट्टेनं बोलले नव्हते.

ताईचं काम प्रमाणपत्रांवर नावं लिहिण्याचं. रस्त्यालगत एक खोली, खिडकीशी उतरती फळी, फळीवर जाड कागद. नर्सांच्या शाळेची वर्षाला दोन खेपेची प्रमाणपत्रं तिच्याकडं येतात. मुलींनी तीन-तीन वर्षं रुग्णांच्या उशाशी उभं राहून मिळवलेला तो कागद. तो भिंतीवर लागणार, त्यावर आयुष्यभर लोकांची नजर पडणार. म्हणून ताई प्रत्येक नाव लिहिण्याआधी एकदा मोठ्यानं वाचते. जिचं आहे तिला हाक मारल्यासारखं.

प्रत्येक प्रमाणपत्राला छापील क्रमांक असतो. एखादं बिघडलं तर ते परत करायचं आणि सोबत एक फॉर्म भरून द्यायचा. फॉर्मवर रकाना, 'बिघाडास जबाबदार'. एकोणतीस वर्षं तो फॉर्म ताईच्या खणात कोराच पडून होता. ताई त्याच्यावर चहाचा कप ठेवायची.

मग ताईचा मोठा भाऊ निवृत्त झाला.

तो एका गोदामाचा राखणदार होता. त्याला सगळे जपूनराव म्हणतात, मागूनही आणि तोंडावरही. जिना उतरताना एक हात कठड्याला, एक भिंतीला. चहा अर्धा कप, बादली अर्धी. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एक खोकं फुटलं नाही, एका कागदावर त्याच्या नावानं चूक लागली नाही. हे तो दिवसातून एकदा सांगतो. माणूस लाख मोलाचा. घरात नुसतं बसणं जमेना म्हणून खोलीवर येऊन बसला.

"तू फक्त लिही," ताईला म्हणाला. "बाकीचं माझ्याकडं."

बाकीचं म्हणजे टेबल पुसणं, कागद मोजून देणं आणि सकाळी मला शाई भरणं. ताईला बरंच वाटलं. त्यानं पहिल्या दिवशी माझी मान उघडली, ड्रॉपरनं मोजून थेंब सोडले आणि निम्म्यावर थांबला.

"दादा, भर की पूर्ण."

"काठोकाठ भरलेलं भांडं सांडतं. जपून."

ताई नावं वाचण्यात गुंतलेली. तिनं मान हलवली.

त्याच दिवशी दुपारी, बाराव्या नावावर, माझ्या तोंडातून मसुरीएवढा थेंब सुटला आणि नावाच्या ऐन मध्ये पडला. मी जीभ आवळून धरली होती, पण पोटातून कुणीतरी ढकलावं तसं झालं. ताई टीपकागद घेईपर्यंत डाग पसरलाही.

शाळेचे हेडक्लार्क स्वतः आले. चांगले गृहस्थ, आवाज चढवत नाहीत. त्यामुळं त्यांचं बोलणं जास्त लागतं.

"ताई, एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच."

"झरणीला काही झालेलं नाही," ताई म्हणाली. "मी तिला ओळखते."

"ओळखता म्हणून तुम्हाला दिसत नाही. म्हातारी झाली ती."

"जुन्या वस्तूचा भरवसा नसतो," जपूनराव म्हणाला. "मी गोदामात असली वस्तू मागच्या रांगेत ठेवायचो."

रकान्यात लिहिलं गेलं, जुनी झरणी. दीड वर्षात अशी पाच प्रमाणपत्रं गेली आणि पाचही वेळा माझंच नाव लागलं. साप साप म्हणून भुई धोपटत होते सगळे, आणि ती भुई मी.

मधेच एक गोष्ट घडली. मिस्त्री गेले होते, पण त्यांच्या लेकीनं कारखाना धरून ठेवला होता. बापाची जुनी घडण पुन्हा काढायची असं तिच्या मनात आलं. बापानं मापं कधी लिहून ठेवली नव्हती. त्यांची मापं बोटांत होती, ती त्यांच्याबरोबरच गेली. म्हणून ती ताईकडं आली आणि मला आठ दिवस मागून घेऊन गेली. तिथं तिनं मला आडवी धरली, उभी धरली, उघडली, मोजली, गळ्यापर्यंत शाई भरून आठ दिवस लिहिलं. परत देताना म्हणाली, "छान चालते. गळतेबिळते म्हणता, मला तर थेंब दिसला नाही."

ताईनं हे हेडक्लार्कना सांगितलं. "तुमच्याकडं तेवढं लिहावं लागतं, ताई," ते म्हणाले. "तिच्याकडं कुठं?"

दोन महिन्यांनी नवी झरणी खोलीत आली. मिस्त्रींच्या लेकीनं पहिली ताईलाच पाठवली होती.

आता मी खोटं बोलणार नाही. मला तिच्यात खोट काढायची होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मनात घोळवत बसले होते. पण ताईनं तिला माझ्याशेजारी फळीवर ठेवलं आणि माझी बोलतीच बंद झाली. काय घडवलं होतं पोरीनं. कंबर तीच, मानेचा उतार तोच, टोपणाचा घुमट तोच. माझा काळा रंग उन्हानं उतरून शेवाळी तपकिरी झालाय. ती इतकी काळी, की खिडकी तिच्यात अख्खी दिसत होती. माझं टोपण लागायला साडेतीन वेढे लागतात आणि शेवटच्या वेढ्याला ते कुरकुरतं. तिचं दीड वेढ्यात लागतं, आवाज न करता. मी दोन दिवस पडून राहिले तर पहिल्या अक्षराला आढेवेढे घेते. ती आठवड्यानंतरही टेकवल्या जागी लिहायला लागते.

माझ्याकडं एकच गोष्ट जास्त आहे. माझी निब वाकते. ताईनं दाबलं की रेघ जाड, उचललं की केसासारखी बारीक. तिची निब बाहेरून आणलेली, ताठ. ती सगळं एकाच आवाजात बोलते, पण स्वच्छ बोलते. नव्या शाळेत शिकलेल्या मुलीसारखी.

आणि मग मला तिचं बूड दिसलं. बुडाशी केसाएवढी रेघ होती. मिस्त्रींच्या लेकीकडं नवा लेथ आहे, तो घसरत नाही. तिनं ती रेघ मुद्दाम पाडली होती. ज्या खोडीपायी बाप रोज शिव्या घालायचा, ती खोड तिनं मापून, जपून उतरवून घेतली होती. त्या रेघेपुढं मी हरले. त्यानंतर तिला मनातसुद्धा वाकडं बोलले नाही.

ताईनं लिहायला तिला घेतलं आणि मी पेल्यात उभी राहिले. नवीच्या पोटात शाई ओढून घेणारी छोटी नळी होती, कन्व्हर्टर म्हणतात तिला. चार महिने एक डाग नाही.

"बघितलंत?" हेडक्लार्क म्हणाले.

 दिवस संपला की ताई मला पेल्यातून काढून धुवायची, पुसायची आणि परत ठेवायची. निर्दोष म्हणणाऱ्याला दुसरं काय करता येतं.

पण त्या छोट्या नळीत शाई मावायची थोडी. दिवसातून दोनदा भरावी लागायची, आणि दोनदा भरणं म्हणजे सांडायची दोनदा भीती. जपूनरावाला ते सहन होईना. त्यानं नळी काढली, कागदात गुंडाळून काड्यापेटीत ठेवली, पेटीवर तारीख घातली. आणि माझ्यासारखीच नवीच्या पोटात ड्रॉपरनं शाई सोडली. मोजून, निम्मी.

त्या दुपारी नवीनं थेंब टाकला. नावाच्या ऐन मध्ये. तिची अवस्था मला पेल्यातून दिसत होती. काळी होती म्हणून, नाहीतर पांढरीफटक पडली असती.

हेडक्लार्क आले. या वेळी बराच वेळ बसले.

"ताई, आता झरणीला दोष देता येत नाही. झरणी नवी आहे."

"मग?"

"वाईट वाटून घेऊ नका. हात आहे. कधीतरी थकणारच. पुढच्या खेपेची नावं मशीनवर छापून घेऊ असं मोठ्या बाई म्हणतायत. तुमचा मान म्हणून ही खेप तेवढी पूर्ण करा."

रकान्यात लिहिलं, लिहिणारीचा हात.

ते गेल्यावर ताईनं उजवा हात फळीवर उपडा ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिली. एकतीस वर्षं मी त्या हातात राहिलेय. त्याची शीर न् शीर मला ठाऊक आहे. तो थरथरत नव्हता. पण मी म्हणून काय उपयोग.

"दादा, माझा हात थरथरतो का रे?"

जपूनराव शाईची बाटली पुसत होता. "वय झालं की जपून राहावं," तो म्हणाला.

माणूस रागानं बोलला तर उत्तर देता येतं. हा मायेनं बोलला. ताई उठली, आम्हा दोघींना फडक्यात गुंडाळलं आणि भर उन्हात मिस्त्रींच्या लेकीकडं निघाली. चपलांचा आवाज असा, की वाटेतली कुत्री बाजूला झाली.

"तुझी झरणी गळते," दारातूनच म्हणाली. "आणि तुझ्या बापाचीही गळते. नाहीतर माझा हात तरी गेलाय. काय ते एकदा सांग."

मिस्त्रींच्या लेकीनं लेथ बंद केला. हात पुसले. नवीची मान उघडून आत डोकावली.

"शाई एवढीच का?"

"एवढीच भरतो आम्ही. सांडू नये म्हणून."

 तिनं नवीला तशीच निम्म्या शाईची ठेवली, मला गळ्यापर्यंत भरलं. दोघींना ताईच्या मुठीत दिलं, तोंडं खाली करून, खाली टीपकागद. "गप्पा मारू या," म्हणाली. थोड्या वेळानं नवीनं थेंब टाकला. मी कोरडी. मग अदलाबदल केली. नवी गळ्यापर्यंत, मी निम्मी. थेंब माझा पडला.

"निम्मं पोट शाई म्हणजे निम्मं पोट हवा," ती म्हणाली. "हाताची ऊब लागली की हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पूर्ण भरली तर आत हवाच नाही, ढकलणार कोण? बाबा सांगायचे ना, उपाशी ठेवू नका. तुमचा हात ठणठणीत आहे, ताई. उलट चांगला उबदार आहे."

ताई खाली बसली. एवढी कडक बाई, पण पदरानं डोळे पुसले आणि वर म्हणाली, "तुझ्याकडं गंधक फार उडतं."

"शाई भरतं कोण?" मिस्त्रींच्या लेकीनं विचारलं.

ताईनं आम्हा दोघींना परत फडक्यात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोघींना स्वतः शाई भरली, काठोकाठ. जपूनराव डोळे मिटून घेत होता. दुपारपर्यंत सदतीस नावं झाली, काही मी लिहिली, काही नवीनं. थेंब नाही. हेडक्लार्कना बोलावून सगळं दाखवलं, त्यांच्याच मुठीत निम्म्या शाईची झरणी देऊन. त्यांच्या कफावर डाग पडला तेव्हा त्यांना पटलं.

"मशीनचं मी मोठ्या बाईंशी बोलतो," ते म्हणाले. "पण फॉर्म दुरुस्त करून लागेल. सातवा फॉर्म घ्या, त्यात आधीची सहाही प्रमाणपत्रं लिहा. आणि जबाबदार कोण, ते."

आता नावं मी लिहिते, जिथं जाड-बारीक हवं तिथं. बारीक मजकूर नवी लिहिते, तिच्याइतका स्वच्छ मला जमत नाही. आम्ही एकाच पेल्यात राहतो. तुमच्या घरी एखादी माझ्यासारखी खणात पडली असेल, तर टाकू नका. धुवा, पोटभर शाई द्या. आणि तिनं डाग पाडला तर तिला नावं ठेवण्याआधी आत बघा.

फॉर्म राहिला. ताईनं मला उचललं, टेकवलं आणि तिथंच थांबली. चाळीस वर्षांत ज्याच्या नावानं एक चूक नाही, तो समोर बसला होता. अर्धा कप चहा पुढ्यात गार होत होता.

"हवेचा दोष असं लिहू का, दादा?"

त्यानं शाईची बाटली पुसून बाजूला ठेवली.

"हवेनं शाई भरली होती का? लिही," तो म्हणाला. "पण नीट अक्षरात लिही."

ताईनं नेहमीसारखं नाव आधी मोठ्यानं वाचलं, हाक मारल्यासारखं. मग लिहिलं. जाड-बारीक, ठळक, एक थेंब न सांडता. 'बिघाडास जबाबदार': जपूनराव.