दुपारी दोन ते चार मास्क माझा

आमचे हे क्रेनवर झोपले तेव्हा क्रेनला बारा कमोड लटकत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक ऐकता ऐकता कमोडापाशीच अडकतात आणि पुढचं त्यांच्या कानात शिरत नाही. सातव्या मजल्याच्या उंचीवर, लाकडी पेटीत, बारा कोरे कमोड, आणि वर केबिनमध्ये हे ढाराढूर. कुणाला इजा झाली नाही. पण झोपेत वॉकीटॉकीचं बटण हाताखाली दाबलं गेलं होतं, त्यामुळे खाली साइटवर प्रत्येकाच्या कमरेला ह्यांचं घोरणं वाजत होतं. मुकादम शिड्या चढून वर पोचेपर्यंत पुरती अकरा मिनिटं. काही जणांनी ते मोबाइलमध्ये भरून घेतलं म्हणे.

मला त्याचं काय कौतुक? सत्तावीस वर्षं मी तोच कार्यक्रम उशाशी घेऊन झोपतेय.

तपासणी झाली. झोपेत ह्यांचा श्वास तासाला बेचाळीस वेळा थांबतो, असं निघालं. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, हवा आत जात नाही, मेंदू दचकून माणसाला अर्धवट उठवतो, परत झोप, परत घसा मिटतो. रात्रभर हेच चालू. मग भरदुपारी कमोड लटकवून डुलकी लागली तर नवल कसलं! उपाय म्हणून सीपॅपचं मशीन मिळालं. उशाशी ठेवायची एक डबी, तिच्यातून निघालेली नळी आणि नाकावर बांधायचा मास्क. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो.

"तीस दिवसांचा रिपोर्ट आणा," डॉक्टर बाई म्हणाल्या. "रोज किमान चार तास, आणि असे किमान एकवीस दिवस. सगळं मशीनमध्ये नोंदलं जातं. मगच क्रेनसाठी सही करीन."

तोवर ह्यांना साइटच्या गेटवर बसवलं, येणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायला. बावीस वर्षं ज्या माणसाला साइटवर सगळे 'ढगोबा' म्हणतात तो माणूस खुर्चीवर, छत्रीखाली! पहिल्या दिवशी घरी आले ते तोंड पाडूनच.

"जमिनीवर माणसं फार बोलतात गं," एवढंच म्हणाले आणि बूट काढत बसले.

तेव्हाच मी ठरवलं, एकवीस म्हणजे एकवीस. ह्यांना वर पाठवायचंच.

मी घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देते. चेन बदलणं, पॅन्टची उंची कमी करणं, कोटाचं अस्तर. मास्कच्या पट्ट्यांनी ह्यांच्या गालावर वळ उठायला लागले तेव्हा मी मऊ कापडाच्या खोळी शिवल्या. नळी गार पडून आत पाणी साचायचं, म्हणून जुन्या स्वेटरची लाल बाही कापून तिच्यावर चढवली. इतकं नटवलेलं मशीन दवाखान्यातसुद्धा नसेल.

आणि सकाळी पडद्यावर आकडा काय? तीन तास दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी दोन पन्नास. मग साडेतीन.

"अहो, काढता कशाला तो मास्क?"

"झोपेत निघतो आपोआप."

"आपोआप निघून, घडी घालून, टेबलावर जाऊन बसतो?"

ह्यांनी पेपरमध्ये डोकं घातलं. दहा दिवस झाले तरी चार तासांच्या वर दोनच दिवस भरले होते. उरलेल्या वीसपैकी एकोणीस हवे होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग मला युक्ती सुचली, आणि मला तिचा फार अभिमान वाटला, हे कबूल करते. मशीनला काय कळतंय नाक कुणाचं आहे ते? मी दुकान दोन ते चार बंदच ठेवते. हे गेटवर. मी मास्क लावून पडायचं आणि दोन तास नुसती हवा ओढायची. ह्यांचे रात्रीचे तीन, माझे दुपारचे दोन, झाले पाच! मास्क मला सैल होत होता, तर नाकापाशी मखमलीची गादी टाचली. बाई शिवणकाम करते ते काय उगाच?

पहिल्या दुपारी घड्याळाकडे बघत पडले. डोळे उघडले तेव्हा चार वाजून गेले होते.

आणि मला काय झालं होतं ते मलाच कळेना. डोकं दुखत नव्हतं. रोज उठले की दुखायचं, मला वाटायचं सगळ्यांचंच दुखत असणार. हातपाय हलके. छताकडे बघून मला हसू यायला लागलं, एकटीलाच. उठले, तासाभरात सात चेनी बदलल्या, कापड मोजायची फीत गळ्यात टाकून गाणं म्हटलं, आणि कोपऱ्यातल्या शिवणाच्या पुतळ्याला कमरेत धरून एक गिरकी घेतली. पुतळ्याला पाय नाहीत, त्यामुळे तो काही बोलला नाही.

तीनदा पॅन्टची उंची बदलून मागणारी बँकेतली बाई संध्याकाळी चौथ्यांदा आली. मी तिला हसून म्हटलं, "करू की, हवी तितक्यांदा करू!" ती दोन पावलं मागे सरकली.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" तिने विचारलं.

मला वाटलं, हे चोरी केल्याचं सुख आहे. म्हणून मी रोज चोरी केली. दोन वाजायच्या आधीच माझे पाय मशीनकडे वळायचे. मखमल काढायची, मास्क धुवायचा, पुसायचा, टेबलावर होता तसा ठेवायचा, आणि उरलेला दिवस घरभर बागडायचं. वयाच्या पन्नाशीत मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत होते.

अठराव्या दिवशी घात झाला. दाराला कडी लावायची राहिली. तीच बँकेतली बाई आत आली, पडदा सारला, आणि पलंगावर मी! तोंडाला मास्क, नाकाला मखमल, छातीवरून लाल नळी. तिने किंकाळी फोडली. मी घाबरून "अहो थांबा" म्हणायला तोंड उघडलं तर आतून हवेचा फुत्कार बाहेर पडला. बाई पॅन्ट तिथेच टाकून पळाली.

पंधरा मिनिटांत हे घरी. धावत. साइटवरून घरापर्यंत कधी भरभर न चालणारा माणूस धापा टाकत दारात उभा. गल्लीत कुणीतरी फोन केला होता की तुमच्या मिसेस नळीवर आहेत.

"मास्क धुऊन लावून बघत होते, बसतो का नीट," मी सपशेल थाप मारली.

हे पलंगावर बसले. चेहरा पांढराफटक.

"श्वास घेतेस ना गं नीट?"

"मग काय बोलतेय ती कानाने?" मी म्हटलं. पण ह्यांना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कडी आठवणीने लावली आणि चोरी चालू ठेवली.

तिसाव्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात. डॉक्टर बाईंनी मशीनचं कार्ड संगणकात घातलं. चार तासांच्या वर बावीस दिवस! मी ह्यांना कोपराने ढोसलं. बाई मात्र पुढची पानं उलटत होत्या, आणि एका पानावर थांबल्या.

"दुपारी दोन ते चार कोण झोपतं?"

"मी तर गेटवर असतो," हे म्हणाले. सत्यवादी माणूस! मी पर्स उघडून आत बघायला लागले.

"घसा जितका मिटेल तितका दाब हे मशीन आपोआप वाढवतं. रात्रीचा माणूस नऊच्या दाबावर शांत झोपतो," बाई म्हणाल्या. "दुपारचा चौदा मागतो. तरी श्वास अडतोच. हा दुपारचा माणूस जास्त आजारी आहे."

मला वाटलं होतं ओरडा बसेल. हे ऐकायला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं. मी सगळं कबूल केलं, मखमलीसकट. "ह्यांचा काही दोष नाही, क्रेन घालवू नका," म्हणाले.

बाई ह्यांच्याकडे वळल्या. "आणि तुमचा मास्क झोपेत निघत नाही. रोज पहाटे तीनच्या सुमाराला मशीन बटण दाबून बंद केलंय. का?"

ह्यांनी टोपी हातात फिरवली. दोनदा फिरवली.

"आधी माझ्याच आवाजात मला काही ऐकू यायचं नाही," हे म्हणाले. "मशीन लावलं आणि खोली शांत झाली. पहिल्याच रात्री जाग आली, तर हिचा श्वास थांबलेला. हलवलं, सुरू झाला. थोड्या वेळाने परत थांबला. मास्क लावून झोपलो की ऐकू कसं येणार? म्हणून काढून बसायचो. थांबला की खांदा हलवायचा."

"रोज?" मी विचारलं. "मला सांगितलं का नाही?"

"सत्तावीस वर्षं तू माझं घोरणं ऐकलंस. तू घोरतेस हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि घाबरली असतीस."

"अहो, पण क्रेन! तुमची क्रेन गेली असती!"

"क्रेन कुठे जातेय? ती उभीच आहे," हे म्हणाले. "तू थांबत होतीस."

मी त्यांच्या दंडावर एक चापट मारली, मग त्याच दंडावर डोकं ठेवून रडले, आणि रडता रडता मला असं हसू फुटलं की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. बाईंनी सही केली नाही. मला तपासणीला पाठवलं आणि दोघांना नव्याने तीस दिवस दिले.

"आणि आपापल्या नाकाने रिपोर्ट आणा," त्या म्हणाल्या.

माझे निघाले तासाला एक्कावन्न. ह्यांच्यापेक्षा नऊ जास्त! हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. बँकेतल्या बाईला दोनदा.

आता पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक मशीन आहे. ह्यांच्या नळीला लाल बाही, माझ्या नळीला निळी. तीसपैकी तीस दिवस, दोघांचेही. सही झाली, गेटवरची छत्री दुसऱ्या कुणाला मिळाली, आणि ढगोबा परत वर गेले. माझ्या खिडकीतून क्रेनचं टोक दिसतं. ते हललं की माझा हात शिलाई मशीनच्या चाकावर क्षणभर थांबतो, मग परत फिरतो.

रोज सकाळी हे माझ्या बाजूला वाकून आधी माझ्या पडद्यावरचा आकडा वाचतात. मग आपला. मग क्रेनवर चढायला जातात.