न पोळणारा पाय

इस्त्री टाचेला टेकली आणि खोलीतल्या तीस-पस्तीस माणसांनी एकदम श्वास रोखला.

खुर्चीत टेलरमास्तर बसले होते. उजवा पाय समोरच्या स्टुलावर, टाच लोकांकडे. त्यांच्याच दुकानातली, चाळीस वर्षं कॉलरी आणि कफ सरळ करत आलेली जड इस्त्री शीतलगुरूंच्या हातात होती. ती तापलेली आहे हे सगळ्यांना पटावं म्हणून गुरूंनी आधी तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकले होते आणि ते चर्रकन उडून गेले होते.

"दुखतंय?" गुरूंनी विचारलं. त्यांच्या कॉलरला माइक लावलेला होता. बारा बाय पंधराच्या खोलीत माइक कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

"नाही," मास्तर म्हणाले.

"पोळतंय?"

"काहीसुद्धा नाही!" मास्तर हसले, शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखे.

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. कोणी डोळे पुसले, कोणी मोबाइल उंच धरून सगळं टिपून घेतलं. शेजारचा किराणावाला तर दोनदा म्हणाला, "डोळ्यांनी पाहिलं हो, डोळ्यांनी!"

दारातल्या चपलांच्या ढिगात सिस्टर उभी होती. मंगळवार, सकाळचे दहा, ड्रेसिंगची वेळ. घरोघरी जाऊन जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, साखर तपासायची हे तिचं काम. मास्तरांकडे ती दहा महिने येत होती, आणि त्यांच्या अंगठ्याखालची जखम चार महिने बांधत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत तिच्या नाकाने सगळे वास पचवले होते. पण गुरूंच्या अत्तराखालून येणारा जळक्या कातडीचा वास आणि त्यावर पडणाऱ्या टाळ्या, हे दोन्ही एकत्र तिला पचेना.

"वेदना म्हणजे काय?" गुरू सांगत होते. "वेदना म्हणजे शरीराने मनाला मारलेली खोटी हाक! मी काय करतो? मी ती हाक माझ्याकडे वळवून घेतो. तुमची आग माझ्यात, माझी शीतलता तुमच्यात! सोपं आहे की नाही?"

सोपं होतंच. दुसऱ्याच्या टाचेवर इस्त्री ठेवून शीतल राहायला लागतंय काय!

गर्दी पांगल्यावर सिस्टर मास्तरांच्या पायाशी बसली. टाचेवर एक लालभडक त्रिकोण उठला होता आणि त्याच्या टोकाला फोड आला होता. त्याच्याशेजारी आणखी एक त्रिकोण होता, आठवड्याभराचा जुना, काळपट पडलेला, कडेने ओला. गेल्या मंगळवारी ती रजेवर होती. बदली आलेली नर्स दारातूनच परत पाठवली गेली होती.

"ताई, हे काय चालवलंय तुम्ही?" तिने मास्तरांच्या मुलीला विचारलं. मुलगी बापाजवळच राहत होती आणि सगळं घर तिच्याच अंगावर होतं.

"सिस्टर, आज पट्टी नको. गुरुजी म्हणाले, पट्ट्या काढा, पायाला श्वास घेऊ द्या."

"पाय श्वास घेत नाही, ताई. पाय सडतो."

मुलीचा चेहरा कडक झाला. "तुम्ही असताना सडत होता. दोन वर्षं बाबांच्या पायांची नुसती आग आग व्हायची. मी ओली फडकी ठेवत बसायचे. तुमच्या गोळ्यांनी काय झालं? आता बघा, शांत झोपतात. शुक्रवारी हॉलमध्ये मोठा कार्यक्रम आहे. दहा आकडे मोजेपर्यंत इस्त्री ठेवणार आहेत. त्यानंतर औषधंसुद्धा बंद."

"दहा आकडे?" सिस्टरचा आवाज चिरकला. "अहो, हाडापर्यंत जाईल! पाय कापावा लागेल त्यांचा!"

"सिस्टर," मास्तर मध्येच म्हणाले, "चिडू नका. आयुष्यभर मी लोकांच्या मापाने जगलो. आता पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघायला येतात."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निदान तिच्या तळपायाला आग कळत तरी होती.

खाली येऊन ती स्कूटरवर नुसतीच बसून राहिली, आणि मग तिने बॅगेतून मास्तरांची फाइल काढली. पहिल्या भेटीचं पान. त्या दिवशी तिने नायलॉनच्या बारीक, ताठ दोऱ्याने दोन्ही तळव्यांना दहा-दहा ठिकाणी टोचून पाहिलं होतं. साखरेच्या प्रत्येक जुन्या रोग्याचं असं करायचंच असतं. निकाल तिच्याच अक्षरात होता: उजवा शून्य, डावा शून्य. खाली तिची सही.

लिहिलं होतं तिने. डॉक्टरांना पाठवलंही होतं. पण या घरात कोणाला समोर बसवून सांगितलं होतं का, की तुमच्या बापाचे पाय मेल्यात जमा आहेत, त्यांना निखारासुद्धा कळणार नाही? नव्हतं सांगितलं. त्या दिवशी आणखी पाच घरं उरली होती आणि तिला घाई होती. जी गोष्ट तिने कागदावर लिहून मिटून ठेवली, तीच त्या अत्तरवाल्याने माइकवरून विकली होती. गुरूची किळस आली होतीच. आता थोडी स्वतःचीही आली.

शुक्रवारी हॉल भरून वाहत होता. दारात गुरूंची शिष्या टेबल टाकून बसली होती आणि "शांतिस्पर्शा"साठी आलेल्यांकडून छापील अर्ज भरून घेत होती. सिस्टरने एक कोरा अर्ज मागून घेतला. नाव, वय, पत्ता आणि चौथी ओळ: साखरेचा आजार किती वर्षांपासून? सिस्टरने तो अर्ज दोनदा वाचला. मग घडी करून तो फाइलमध्ये ठेवला आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली.

व्यासपीठावर मास्तर नव्या कोऱ्या शर्टात बसले होते. शर्ट स्वतः शिवलेला. माप मात्र जुनं, त्यामुळे खांद्यात सैल झालेला. इस्त्री तापत होती.

"आज आपण फक्त उजवा पाय अर्पण करतो आहोत," गुरू म्हणाले. "डाव्या पायाची पाळी पुढच्या महिन्यात. शक्ती एकेका पायानेच घ्यावी लागते, एकदम घेतली तर झेपत नाही!"

लोक कौतुकाने हसले. सिस्टर उठून उभी राहिली.

"गुरुजी, एक शंका आहे. डाव्या पायाला तुम्ही अजून हात लावलेला नाही ना?"

"बोटसुद्धा नाही!" गुरूंनी माइकमध्ये ठणकावून सांगितलं.

"मग तो पाय तुमच्या-माझ्यासारखाच असणार. त्याला सगळं कळत असणार."

"अर्थात! म्हणून तर लोकांना फरक दिसतो. कोणालाही तपासू द्या!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सिस्टर दोन ढांगांत व्यासपीठावर होती.

"मास्तर, डोळे मिटा. मी दोरा टेकवीन. कळलं की 'हो' म्हणा. एवढंच."

तिने आधी त्यांच्या गालाला दोरा लावला. "हो." मनगटाला. "हो." मग ती खाली बसली आणि डाव्या पायाचा मोजा काढून तळव्याला दोरा टेकवला. दोरा वाकला. हॉल वाट बघत राहिला. अंगठा, टाच, चवडा, करंगळी. दोरा दहा वेळा वाकला.

"सुरुवात कधी करताय, सिस्टर?" मास्तरांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं.

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं.

"झालं करून, मास्तर. डोळे उघडा." ती लोकांकडे वळली. "या पायाला गुरूंचं बोटसुद्धा लागलेलं नाही, हे त्यांनीच आत्ता सांगितलं. मग याच्यात शक्ती कुठून आली?"

"छाया!" गुरू म्हणाले. "उजव्याची छाया डाव्यावर पडते!"

"बरं. मग हे दहा महिन्यांपूर्वीचं पान. दोन्ही पाय शून्य. तेव्हा तुम्ही या गावात तरी आला होतात का? तुम्हाला येऊन सहा आठवडे झालेत. तेव्हा कोणाची छाया पडली होती?" ती मुलीकडे वळली. "ताई, कागद राहू द्या. तुम्हीच सांगा. बटण आठवतं?"

मुलगी पहिल्या रांगेत होती. बटणाचा किस्सा ती येईल त्याला हसून सांगत असे: बाबा चपलेत कोटाचं मोठं बटण घेऊन दिवसभर दुकानात वावरले आणि त्यांना पत्ताच नाही! चार भोकांचं बटण रुतून तळव्यावर चार ठिपके उठले होते. त्याचीच पुढे जखम झाली होती.

मुलगी उभी राहिली. मग म्हणाली, "ते... ते तर गुरुजी यायच्या कितीतरी आधी."

"आणि ओली फडकी? ती कधी बंद झाली?"

"गेल्या वर्षी," ती म्हणाली.

सिस्टरने कोरा अर्ज उंच धरला. "साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. मरताना त्या जळतात, तीच ती आग. पुरत्या मेल्या की आग थांबते. मग खिळा घुसू दे, इस्त्री लावा, काही कळत नाही. आजार बरा झाला म्हणून नाही, आजार जिंकला म्हणून! आणि हे गुरूंना पक्कं ठाऊक आहे. नाहीतर अर्जात साखरेची वर्षं कशाला विचारली असती? अर्ज पाहून पाय निवडायचे आणि मग चमत्कार करायचा. यात वेदना कोणीही घेतलेली नाही. आधीच मेलेल्या पायावर तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात."

तिने बूट काढला, मोजा काढला आणि आपला पाय स्टुलावर ठेवला. "हा जिवंत पाय आहे. घ्या याची वेदना. लावा इस्त्री. नाहीतर ही शीतलता तुमच्यातूनच येते म्हणता ना, तुमचाच पाय ठेवा. दहा आकडे मी मोजते."

इस्त्री तापून खरपूस वास सोडत होती. शीतलगुरूंना त्या थंड हॉलमध्ये दरदरून घाम फुटला.

"अश्रद्धेच्या सान्निध्यात शक्ती प्रकट होत नाही," ते म्हणाले. त्यांनी माइक काढला, आणि माइक निघाल्यावर त्यांचा आवाज अगदीच बारीक निघाला. मागच्या दाराने ते गेले तेव्हा शिष्या अर्ज गोळा करत होती. त्यातले दोन खाली पडले. ती ते उचलायलाही थांबली नाही. आणि हे सगळं मोबाइलवर टिपणाऱ्यांपैकी एकानेही त्यांची वाट अडवली नाही.

किराणावाला तर बाहेर पडताना म्हणत होता, "मला आधीपासूनच संशय होता!"

मास्तर खुर्चीतच बसून होते. आपले दोन्ही पाय ते परक्याचे असावेत तसे बघत होते.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "मला वाटलं होतं, माझ्यात काहीतरी आलंय. आलं नव्हतं हो. गेलं होतं."

त्याच दुपारी त्यांना दवाखान्यात नेलं. जुना त्रिकोण आत पोखरत गेला होता, आणि पट्टीविना राहिलेली अंगठ्याखालची जखमही चिघळली होती. अंगठा गेला, टाच भरायला सात महिने लागले, पाय मात्र वाचला. मुलगी आता रोज सकाळी बापाच्या चपला उलट्या करून झटकते, त्यांचे तळवे निरखून बघते, आणि बटणाचा किस्सा कोणालाच सांगत नाही. शीतलगुरू दुसऱ्या गावी गेले म्हणतात. तिथेही खोल्या असतील, साखरेचे रोगी असतील आणि टाळ्या वाजवणारे हात तर कुठेही मिळतात.

सिस्टरने मात्र एक सवय लावून घेतली आहे. नव्या घरात गेलं की फाइल उघडण्याआधी ती सगळ्यांना समोर बसवते आणि दोरा कसा वाकतो ते दाखवते. घाई असली तरी दाखवते. मग सांगते, "चमत्कार दिसला की टाळ्या वाजवायच्या आधी एकच विचारा: हे आधी कसं होतं? आणि पाय दुखतोय म्हणून मला फोन करायला लाजू नका. पण दुखायचा थांबला, तर त्याच दिवशी करा."