कानावरचा हात

माय गाताना डावा हात कानावर ठेवते. लहानपणी मला ती तिची अदा वाटायची. पुढे यवतमाळच्या ज्युनिअर कॉलेजात ध्वनीचा धडा शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की तो हात तिचाच आवाज वळवून तिच्या कानात घालतो. बाजूला ढोलकी, बेंजो, कोरस. त्यात स्वतःला ऐकायचा दुसरा उपाय तिच्याकडे नव्हता. गावोगावच्या जयंत्यांना मायची, म्हणजे नलूबाईंची, भीमगीतं ठेवतात, आणि त्या सगळ्या फोटोंत तिचा डावा हात कानावरच दिसतो.

मग स्पीकर वाढत गेले. मंचाच्या दोन्ही बाजूंना घराएवढ्या भिंती उभ्या राहू लागल्या आणि हात पुरेनासा झाला. फेब्रुवारीत लोहाऱ्याला रमाई जयंतीच्या कार्यक्रमात वरच्या पट्टीतल्या ओळीवर तिचा सूर सुटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या; बहुतेकांना कळलंही नसेल. परतताना आम्ही सगळे एकाच गाडीत होतो.

"बाभुळगावची भीमजयंती गाईन," ती म्हणाली. "तेथीबी असंच झालं तं माइक उर्वशीच्या हातात."

उर्वशी माझ्या मामाची मुलगी, कोरसमध्ये गाते. ती घाबरलीच. "मले कायले मधात ओढतं वं आत्या? मी मांगंच बरी."

"कोणी ना कोणी पुढं यावंच लागते," माय म्हणाली.

माझा भाऊ संघर्ष, आमचा ढोलकीवाला, माझ्याकडे बघत होता. "ताई, तू एवढं फिजिक्स शिकली. काही कर ना."

मोठे गायक कानात मॉनिटर घालतात. मिक्सरजवळ ट्रान्समीटर, गाणाऱ्याच्या कमरेला रिसीव्हर आणि त्यातून कानात दोन इअरफोन. बाहेर कितीही गोंगाट असो, स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्यांचे संच आमच्या आवाक्यातले नव्हते. स्वस्तातले मात्र बरेच होते, आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत तोच सर्वांत उत्तम होता.

आमच्या कार्यक्रमांचा साउंड विक्की बघतो. त्याने मित्राकडून एक संच आणला: आगपेटीएवढ्या दोन चकचकीत डब्या, लावल्या की आपोआप जुळणाऱ्या. विहाराच्या सभागृहात माय त्यावर तासभर गायली. एकदाही आवाज तुटला नाही.

"झालं काम!" विक्की म्हणाला. "मावशी, आता तुम्ही एकदम मुंबईवाल्या."

"सभागृह रिकामं आहे," मी म्हटलं.

"मंग?"

"जयंतीला मैदान रिकामं नसते."

त्या डब्या मोबाइलचं वायफाय ज्या पट्ट्यात चालतं त्याच पट्ट्यात बोलत होत्या. जयंतीला प्रत्येक खिशात मोबाइल असणार. शिवाय माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी त्या पट्ट्यातल्या लहरी शोषून घेतं. म्हणून मी दुसऱ्या प्रकारचा एक संच परत करण्याच्या बोलीवर मागवला होता. तो यूएचएफ पट्ट्यातला, म्हणजे वायफायपासून दूरच्या लहरींचा: जाडजूड खोका, वर अँटेना, चॅनल हाताने निवडायचं. विक्कीने तो उलटापालटा करून पाहिला.

"ताई, हा तं आमच्या आजोबाच्या रेडिओसारखा दिसून राह्यला."

"दिसू दे. दोन्ही तपासू. गर्दीत."

"जयंतीच्या आधी गर्दी कुठून आणतं?"

"आठवडी बाजारातून."

बाभुळगावच्या बाजारात संघर्षने पिकअप कडेला लावली. हौद्यात मिक्सर आणि ट्रान्समीटर. मैदानात मिक्सरपासून मंच जेवढा लांब असतो, तेवढ्याच अंतरावर मी मायला भाजीच्या ओळींमध्ये उभं केलं. तिच्या हातात रोजचा कॉर्डलेस माइक, कमरेला आधी चकचकीत डबीचा रिसीव्हर, कानात इअरफोन. स्पीकर जोडलेला नव्हता. आवाज फक्त तिच्या कानात जात होता.

माय लाजली, पण गाऊ लागली. पहिल्या कडव्यातच थांबली.

"तुटते," ती मला म्हणाली. "शब्द मधातून कोणी खाऊन राह्यलं जसं."

चकचकीत डब्या काढल्या, दुसरा रिसीव्हर लावला. विक्कीच्या माइकांपासून दूरचं चॅनल मी आधीच शोधून ठेवलं होतं. तिने तेच गाणं पुन्हा घेतलं. या खेपेला ती थांबली नाही. गर्दीतून पुढेमागे फिरली, वरच्या पट्टीतली ओळ घेतली, दोनदा घेतली.

समोर कांद्याच्या ढिगामागे हंसाबाई बसल्या होत्या. आमच्या प्रत्येक जयंतीला पहिल्या रांगेत असतात. त्या ओरडल्या, "नलू, लाइन गेली काय वं? माइक हातात अन् आवाज कांद्याच्या पुढं नाही!"

बाजार हसला. मायला काहीच ऐकू आलं नाही. ती हंसाबाईंच्या समोरून गात पुढे गेली.

"पाहा! मोठी झाली बाई. आता बोलतबी नाही."

मी मायच्या खांद्याला हात लावून दाखवलं, तेव्हा तिने इअरफोन काढले आणि हंसाबाईंचा फुगलेला चेहरा पाहिला. तिचा चेहरा पडला.

"कसं वाटलं?" संघर्षने गाडीपाशी विचारलं.

"थोडं सुस्स करते, पण तोडत नाही. माहा आवाज मले एवढा साफ कधीच ऐकू नव्हता आला." मग तिने रिसीव्हर कमरेचा काढून माझ्या हातात दिला. "पण हे नाही चालत, प्रियंका."

"काहून?"

"हंसा समोर होती अन् मले समजलं नाही. जयंतीले माणूस मंचापाशी येते, बक्षीस देते, नाव सांगते. मी थे नाव गाण्यात घेतो. लोकं ऐकूच नाही आले तं मी गाऊन कोणासाठी राह्यलो?"

"मावशी, एक कान उघडा ठेवा ना," विक्की म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "उघड्या कानात स्पीकरची भिंत येते. मग दुसऱ्या कानातला आवाज वाढवत जावं लागते. कानच जातात त्यानं."

आमच्यासोबत आलेली उर्वशी माझ्याकडे आशेने बघत होती. तिला तो माइक नकोच होता.

घरी येईपर्यंत मी विचार करत होते. मायला लोक हवे होते, भिंत नको होती. म्हणजे लोकांचाही आवाज तिच्या कानात, पण हवा तेवढाच, द्यायला हवा होता.

"विक्की, तुह्याकडं भाषणाचा एखादा माइक पडून आहे काय?"

"आहे. काय करतं त्याचं?"

"मंचाच्या कडेले लावू. तोंड लोकांकडं. फक्त मायच्या कानात सोडायचा, स्पीकरमध्ये नाही."

"ताई, लोकांले माइक द्याचा म्हणतं?"

"हो. लोकांले."

जयंतीच्या संध्याकाळी बाभुळगावचं मैदान निळ्या झेंड्यांनी भरलं होतं. मंचाच्या कडेला तो जुना माइक लोकांकडे तोंड करून उभा होता. मी विक्कीजवळ मिक्सरपाशी बसले. एक बोट लोकांच्या बटनावर, एक मायच्या.

पहिल्याच गाण्यात माय वरच्या ओळीजवळ आली. डावा हात सवयीने कानाकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबला, आणि खाली आला. सूर जिथे लागायला हवा तिथे लागला आणि तिथेच राहिला. ती शाळेच्या पायरीवर बसलेल्या पोरीचं गाणं गात होती. ते तिनेच बांधलंय. दुसऱ्या कडव्यात तो मोकळा हात पुढे झाला आणि पायरी दाखवू लागला, पाटी दाखवू लागला. मी आजवर त्या हाताला गाताना पाहिलं नव्हतं.

गाणं संपता संपता हंसाबाई मंचाशी आल्या. ओरडल्या नाहीत. माइकसमोर वाकून हळूच काहीतरी म्हणाल्या. माय हसली.

"येते, हंसा, ऐकू येते!" ती माइकवर म्हणाली. "बाजारात बोलली होती थेबी आता पोचलं!"

मैदान हसलं. मग तिने रीतीप्रमाणे नावं घेतली. हंसाबाईंचं, त्यांच्या नातीचं, मागून आलेल्या दोघांचं. प्रत्येक नावानंतर ढोलकीची थाप. शेवटी तिने कमरेच्या रिसीव्हरवर हात ठेवला.

"अन् हे कानातलं, माह्या लेकीकडून. प्रियंकाकडून सप्रेम जयभीम!"

संघर्षने थाप नेहमीपेक्षा जोरात दिली. सगळं मैदान मागे वळून मिक्सरकडे बघू लागलं. विक्की माझ्याकडे बोट दाखवत उभा राहिला. मी दोन्ही बोटं बटनांवरच ठेवली.

"उर्वशी," मंचावरून मायचा आवाज आला, "इकडं ये, माह्या बाजूले. माइक मी देत नाही. पण शेवटचं कडवं दोघी मिळून म्हणू."