छातीवरचं जुनं स्टिकर

वर्नन होल्ट्झ सकाळी नॉरीनच्या हॉटेलात शिरला, की त्याची अंडी तव्यावर पडायच्या आधीच त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"बास्केटबॉल टीमच्या मालकाला नवं स्टेडियम हवं, आणि पैसा कुणाचा? आपला! मी बूट घेतले की त्यावर जादा कर, पोरांच्या वह्या घेतल्या की कर. कशासाठी? तर मोठ्या लोकांना काचेच्या खोल्यांत बसून मॅच बघता यावी म्हणून! जुन्या स्टेडियमला काय धाड भरलीय?"

"कॉफी पी आधी, गार होतेय," नॉरीन म्हणायची.

खरं तर संतापायला हवं होतं तिने. नव्या स्टेडियमच्या नकाशात तिच्या हॉटेलाच्या जागी गाड्या उभ्या राहणार होत्या. तिच्या आईने सुरू केलेलं हॉटेल ते. टीमच्या मालकाने सरळ सांगितलं होतं, की नवं स्टेडियम बांधा, नाहीतर टीम दुसऱ्या शहरात नेतो. मग नगरपालिकेने प्रश्न लोकांच्या मतदानावर सोडला. तोही नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीबरोबर नाही, तर एप्रिलमधल्या एका मंगळवारी, एकटाच. लोक कमी यावेत म्हणून, दुसरं काय!

वर्ननचं बास्केटबॉलवर जिवापाड प्रेम होतं. टीमची टोपी त्याच्या डोक्यावरून फक्त झोपताना उतरायची. तरी त्याने घरापुढच्या हिरवळीवर 'आमच्या पैशाने नको' अशी पाटी ठोकली. रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमात फोन करून मालकाची बिनपाण्याने केली. हॉटेलातले सगळे त्याच्या बाजूने होते. शेजारच्या टेबलावरचा क्लिफ तर टेबलावर मूठ आपटून म्हणायचा, "आपण हे होऊ देणार नाही, नॉरीन! तू बिनधास्त राहा."

मंगळवारी संध्याकाळी टायरच्या दुकानातून सुटून वर्नन नेहमीच्या शाळेत मत द्यायला गेला. दाराला कुलूप! आतून मुलींच्या व्हॉलीबॉलचा धपधप आवाज येत होता. दारावर कागद चिकटवला होता: या खेपेला केंद्रं कमी आहेत, मतदान पुलापलीकडच्या चर्चमध्ये.

त्याच्या डोक्यात तिडीकच गेली. हे आधी सांगायला काय झालं होतं? (घरी पत्र आलं होतं. ते त्याने न वाचताच फेकलं होतं.) पुलावर गाड्यांची रांग लागली होती. चर्च बंद व्हायला अजून वेळ होता, पण मॅच सुरू व्हायला नव्हता, आणि तीही शेवटच्या फेरीची. 'सगळं गाव विरोधात आहे. माझ्या एका मताने काय अडतंय?' असं म्हणत त्याने गाडी घराकडे वळवली. पिझ्झा मागवला. टीम अगदी शेवटच्या क्षणी जिंकली तेव्हा तो सोफ्यावर उभा राहून ओरडला.

सकाळी रेडिओने सांगितलं, की स्टेडियमही जिंकलं. तेही किती मतांनी? शाळेच्या एका बसमध्ये मावतील इतक्या!

वर्ननने रेडिओ बंद केला. पण नॉरीनकडे न जाऊन कसं चालेल? गाडीच्या खणात नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर मिळालेलं, 'मी मत दिलं' असं लिहिलेलं स्टिकर पडलं होतं. त्याने ते शर्टावर चिकटवलं, हाताने दाबलं आणि आत शिरला.

"या शहरातल्या लोकांना अक्कलच नाही!" तो दारातूनच कडाडला. "घरी बसून राहतात लेकाचे!"

नॉरीनची नजर त्याच्या छातीवर गेली. "हे कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे? काल मत दिलं, तिथून."

"काल स्टिकरं नव्हतीच, वर्नन," ती हळूच म्हणाली. "मी मागितलं. केंद्रावरची म्हातारी म्हणाली, एवढ्याशा मतदानाला कुठली स्टिकरं, बाई?"

वर्ननचे कान तापले. "शाळेला कुलूप होतं गं... पूल भरला होता... आणि मॅच..."

"कळलं."

"त्या मालकाने फसवलं आपल्याला!"

"नाही रे बाबा!" आता मात्र नॉरीनचा आवाज चढला. "त्याने कुणालाच फसवलं नाही. त्याला काय हवं ते त्याने तोंडावर सांगितलं, आणि त्याची माणसं पूल ओलांडून आली. माझी माणसं इथे बसून रोज चिडली. मला चिडणारी माणसं नको होती, वर्नन. मला मतं हवी होती!"

क्लिफने काटा खाली ठेवला. तो मान वर करेना, तेव्हा त्याचंही पितळ उघडं पडलं. वर्ननने स्टिकर ओरबाडून काढलं. "चुकलो," तो म्हणाला. नॉरीनने त्याची कॉफी भरली आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली.

उन्हाळ्यात हॉटेल बंद झालं. नॉरीन बहिणीकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेली.

शरद ऋतूत पाण्याच्या जुन्या नळांसाठी असंच एक किरकोळ मतदान आलं. रेडिओवर त्याचं नावही नव्हतं. या खेपेला वर्ननने आलेलं पत्र दोनदा वाचलं, क्लिफला अंथरुणातून उठवलं, दोन शेजाऱ्यांना गाडीत कोंबलं आणि पूल ओलांडला. स्टिकर याही वेळी नव्हतं.

वाचकहो, आपला राग कितीही खरा असो, तो कुणी मोजत नाही. मोजतात ते मत! पाटी ठोकली, फोनवर भांडलो, म्हणजे कर्तव्य झालं असं समजणाऱ्यांनी हे कायमचं ध्यानात ठेवावं.

परतताना सवयीने वर्ननची गाडी नॉरीनच्या गल्लीत वळली. तिथे तारेचं कुंपण होतं आणि आत खोदकाम चाललं होतं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तिला कळवायला हवं, की आपण मत दिलं," क्लिफ म्हणाला.

"कुठल्या तोंडाने?" वर्नन म्हणाला, आणि त्याने गाडी मागे घेतली.